वनहक्काचा दावा नेमका अडतो कुठे? खानापूर भागातल्या अर्जदारांसाठी

घाटमाथ्यावरच्या एका वाडीतले काका दावा फेटाळल्याचा कागद घेऊन आले होते. सोबत खताच्या पिशवीत बाकीचे कागद. आधार, रेशनकार्ड, वीजबिल, नातवाचा शाळेचा दाखला, सगळं आलं. पिशवीच्या तळाशी मात्र घडी घातलेला एक कागद राहिला होता. तो काढायला लागलो तर म्हणाले, "ती नको रे, ती दंडाची पावती हाय. बघितली तर आणि एकदा केस घालतील." पावती १९९२ ची. जंगलात बेकायदा शेती केली म्हणून वनखात्यानं केलेला दंड, खाली शिक्का आणि सही. काकांच्या सगळ्या कागदांत २००५ च्या आधी ते त्या जमिनीत होते हे सांगणारा सरकारी कागद एवढाच होता, आणि तोच त्यांनी दाव्याला जोडला नव्हता.

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात लोंढा, नागरगाळी, कणकुंबी या पट्ट्यात अशा पिशव्या घरोघरी आहेत. म्हणून हे लिहितोय. अर्ज कसा भरायचा हे थोडक्यात सांगतो, तो कुणीही भरून देईल. कुठे अडतं ते सविस्तर सांगतो.

कायदा २००६ चा, अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासींच्या वनहक्कांना मान्यता देणारा. नियम २००८ चे, २०१२ मध्ये दुरुस्त झालेले. ही दुरुस्ती अर्जदाराच्या बाजूची आहे आणि कार्यालयात तिची आठवण बहुतेक वेळा आपल्यालाच करून द्यावी लागते. वैयक्तिक शेतजमिनीसाठी नमुना अ, गावाच्या सामूहिक हक्कांसाठी नमुना ब, सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना क. फी नाही. एजंटाची गरज नाही. "फाईल पुढे सरकवतो" म्हणून कुणी पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा.

आधी एक घोळ मिटवू. बगर हुकूम, म्हणजे परवानगीशिवाय कसलेल्या सरकारी जमिनीचा फॉर्म ५७ आणि वनहक्काचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म ५७ महसूल खात्याच्या सरकारी जमिनीसाठी. जंगल जमिनीवर तो टाकला तर वर्षानुवर्षं पडून राहतो आणि शेवटी 'वनजमीन' असा शेरा मारून परत येतो. उलटही होतं: उताऱ्यावर गायरान लिहिलेलं असतं, पण वनखातं म्हणतं जंगल. अशा वेळी घाबरू नका. या कायद्यातली वनजमिनीची व्याख्या मोठी आहे. राखीव, संरक्षित, अवर्गीकृत, मानीव जंगल, अभयारण्य, सगळं तिच्यात येतं. भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांनाही दावा करता येतो. 'अभयारण्य आहे, इथं हक्क नाहीत' असं तोंडी सांगितलं जातं तेव्हा ते लेखी मागा.

आता पात्रता. जमातीच्या यादीत असलेल्या कुटुंबाला जमीन १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपल्या ताब्यात, कसवणुकीत होती एवढं दाखवावं लागतं. बाकीच्यांना, म्हणजे आपल्याकडच्या मराठा, कुणबी, धनगर गवळी अशा बहुतेक कुटुंबांना, त्या तारखेआधी तीन पिढ्या जंगलात राहून जंगलावर पोट भरल्याचा पुरावा लागतो. एक पिढी २५ वर्षांची धरतात. म्हणजे मागे मागे जात १९३० गाठायचं. सिद्दी बांधवांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: पूर्वी यादीत फक्त कारवार (उत्तर कन्नड) जिल्ह्यातले सिद्दी होते, २०२० च्या दुरुस्तीनं बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतलेही आले. त्याआधी 'इतर' या गटात कुणाचा दावा ७५ वर्षांवरून फेटाळला गेला असेल, तर ही बाब लेखी मांडून फेरविचार मागायला हवा.

आणि इथंच सगळ्यात जास्त माणसं आपटतात. ७५ वर्षांचा पुरावा त्या जमिनीच्या तुकड्याचा द्यायचा नाही. तो तुमच्या वास्तव्याचा आणि जंगलावरच्या अवलंबनाचा द्यायचा. जमिनीच्या ताब्याची तारीख वेगळी, ती २००५ च्या आधीची असली की पुरे. आदिवासी व्यवहार मंत्रालयानं हे स्पष्ट केलेलं आहे. तरी फेटाळणीच्या कागदावर 'सदर जमिनीवर ७५ वर्षांचा कब्जा सिद्ध होत नाही' अशी ओळ येतेच. असा शेरा आला तर तो नियमाला धरून नाही, असं अपिलात पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पण १९३० चा कागद आणायचा कुठून? त्या साली बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, म्हैसूर राज्यात गेलं १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणजे आपले जुने कागद मराठीत, त्यातले कितीतरी मोडीत. आजच्या कार्यालयात काम कन्नडमध्ये. मोडी वाचणारा टेबलावर नसतो, कागद 'अवाच्य' म्हणून बाजूला पडतो. मोडी कागद एकटा कधीच जोडू नका. जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घ्या, त्याखाली कन्नड भाषांतर लावा, आणि मूळ प्रतीवर ज्या ओळीत तुमच्या पूर्वजाचं नाव आहे तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या.

नावांचा घोळ तर विचारू नका. जुन्या नोंदीत 'रामा बिन सोमा', म्हणजे सोमाचा मुलगा रामा, असं असतं, आडनाव नाही. नातू आज आडनाव लावतो, कन्नडमध्ये ते तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलं जातं, आधारवर चौथ्या. साहेब विचारतात, हा रामा तुमचाच कशावरून? म्हणून वंशावळ हवी. जुन्या जमीन नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हा नियम १३ मध्येच मान्य केलेला पुरावा आहे. पंजोबापासून आजच्या अर्जदारापर्यंत प्रत्येक नाव आणि गाव लिहा. एकाच माणसाची दोन नावं असतील तर दोन्ही लिहा. लपवलंत की संशय येतो.

याच नियमात जे पुरावे चालतात ते वाचलेत तर कागद नाही म्हणून रडण्याची पाळी कमी येते. सर्व्हे आणि सेटलमेंटचे अहवाल, नकाशे, वनखात्याच्या कार्य योजना, न्यायालयाचे निकाल, घरपट्टीच्या पावत्या, मतदार ओळखपत्र. १८८४ साली निघालेला बेळगावचा गॅझेटिअर खंडसुद्धा. गॅझेटिअर नियमात नावानिशी आहे. जमिनीवर दिसणाऱ्या खुणाही चालतात: सपाट केलेलं शेत, दगडी बांध, विहीर, मसणवट, गावदेवीचं ठाणं. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब. एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यावेत असं नियम म्हणतो, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे जोडा. एका प्रकारचे दहा जोडून उपयोग नाही. आधार, रेशनकार्ड आणि वीजबिल मिळून फार तर आज तुम्ही इथं राहता एवढंच सांगतात.

जबाब घेताना 'हे कुटुंब फार पूर्वीपासून इथं आहे' असं लिहू नका. आजोबा कुठला डोंगर कुमरीसाठी, म्हणजे फिरत्या शेतीसाठी, जाळायचे, नाचणा कुठं पेरायचे, गुरं कुठल्या पाणवठ्यावर जायची, हे म्हाताऱ्याच्याच शब्दांत येऊ द्या. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जनन-मरण नोंदीची नकलही मागा. शंभर वर्षं जुन्या मराठी शाळेचं हजेरीपत्रक शाळेत पडून असेल तर त्यात आजोबांचं नाव सापडू शकतं.

दंडाच्या पावतीकडे परत येतो. २०१२ च्या नियमात स्पष्टीकरण आहे: दंडाच्या पावत्या, अतिक्रमणाच्या याद्या, गुन्ह्याचे प्राथमिक अहवाल, किंवा ते नसणं, हे एकट्यानं दावा फेटाळायचं कारण होऊ शकत नाही. उपग्रहाचं चित्र हाही पूरक पुरावा, बाकीच्यांची जागा तो घेत नाही. विशिष्ट कागदच आणा असा हट्ट दावा तपासणाऱ्या उपविभागीय किंवा जिल्हा समितीनं धरायचा नाही, हेही तिथंच लिहिलंय. तेव्हा पावती खिशात ठेवू नका. जुना गुन्हा असेल तर कोर्टाचा निकालही आणा, त्यात सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा लिहिलेली असते. इतकं नेमकं तुमच्या बाजूचा कुठलाच कागद सांगत नाही.

ग्रामसभेच्या नावाखाली पंचायतीचा ठराव जोडला की फाईल परत येते. इथं ग्रामसभा म्हणजे त्या गावातल्या सगळ्या प्रौढ माणसांची सभा, पाच-सहा गावांच्या ग्रामपंचायतीची बैठक नव्हे. अर्धे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया हव्यात, आणि ज्यांचे दावे आहेत त्यांतले निम्मे तरी. सह्यांच्या वहीत बायांचे अंगठे घरी जाऊन घेतलेले मी पाहिलेत. तपासणीत ते लगेच कळतं आणि मग खरे दावेही त्यात बुडतात. सभा रविवारी, बाया रानातून आल्यावर ठेवा, उशीर झाला तरी चालेल.

गावाची वनहक्क समिती जागा बघायला जाते तेव्हा वनखात्याचा आणि महसूलचा माणूस तिथं असायला हवा, त्यानं सही करायला हवी. समितीनं त्यांना लेखी कळवून पोच घेऊन ठेवावी. 'आम्हाला कळवलंच नव्हतं' अशी हरकत नंतर घेतली गेली तर दावा फेरतपासणीला ग्रामसभेकडे येतो. तेव्हाही ते आले नाहीत तर जागेच्या तपासणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम. पोच नसेल तर हा नियम तुमच्या उपयोगाचा नाही.

तारखांबद्दल. 'शेवटची तारीख गेली' हे वाक्य दर दोन वर्षांनी पसरतं. कायद्यात दाव्यासाठी अशी शेवटची तारीख नाही. ग्रामसभा दावे मागवते तेव्हा तीन महिन्यांची मुदत देते, कारण नोंदवून ती वाढवता येते. कडक मुदत आहे ती अपिलाची, ६० दिवसांची. ग्रामसभेनं नाकारलं तर उपविभागीय समितीकडे, तिनं नाकारलं तर जिल्हा समितीकडे. नियम म्हणतो निर्णय कळवल्यापासून मोजा, समितीला वाटलं तर ३० दिवस वाढवून देता येतात. कायद्याच्या कलमात मात्र निर्णयाची तारीख आहे. धोका पत्करू नका, कागदावरच्या तारखेपासून मोजा. नोटीस कन्नडमध्ये असते, ती कळली नाही म्हणून फळीवर ठेवली आणि चार महिन्यांनी मला दाखवली, असं दर हंगामात होतं. आल्या दिवशी वाचून घ्या, लिफाफाही जपा, त्यावर टपालाचा शिक्का असतो. नोटीस हातात न देता नुसतं 'रिजेक्ट झालं' असं सांगितलं असेल तर कारणांसह लेखी निर्णय मागा. तो देणं बंधनकारक आहे. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम, त्यापुढे धारवाडचं उच्च न्यायालयाचं पीठ.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा आपल्याकडेही घबराट झाली होती. २८ फेब्रुवारीला तो आदेश थांबवण्यात आला. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवायचं नाही असं मूळ कायद्यातच आहे.

एक कटू गोष्टही लिहायला हवी. या कायद्याचं नाव सांगून काही जण अजून रान साफ करत आहेत, काजू लावतायत, वर थोडा ऊस करतायत, 'दावा टाकू नंतर' म्हणून. १३ डिसेंबर २००५ नंतर तोडलेल्या रानावर हक्क मिळत नाही, आणि त्याची चित्रं उपग्रहात स्पष्ट दिसतात. अशा एका दाव्यामुळे शेजारच्या दहा खऱ्या दाव्यांकडे संशयानं बघितलं जातं. मर्यादा चार हेक्टरची, म्हणजे साधारण ९ एकर ३५ गुंठे, तीही कमाल. दोन एकर कसत असाल तर दोनच एकर लिहा.

सगळे नमुना अ च्या मागे असतात. गवळीवाड्यातल्या माणसांना मी सांगतो, ब बघा. गुरं चारण्याचा हक्क, मध, शिकेकाई, हिरडा गोळा करण्याचा हक्क त्यात येतो, आणि त्यासाठी जमिनीचा तुकडा मोजावा लागत नाही. रस्ता, शाळा, वीज अशा तेरा सोयींसाठी वेगळी तरतूद आहे: प्रत्येक सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जंगल, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून आणावं लागतं अशा गावांनी हा ठराव कधीच करून टाकायला हवा होता.

हक्कपत्र मिळालं तर क्षेत्र, चतुःसीमा आणि नावं तिथंच उभ्यानं वाचा. नवरा-बायको दोघांची नावं हवीत. जमीन वारसांना जाते, विकता येत नाही.

काकांचा दावा अपिलात परत ग्रामसभेकडे आला आहे. या वेळी पावती जोडली आहे, शेजारच्या वाडीतल्या आजींचा जबाब घेतलाय, वंशावळ पाच पिढ्यांची झाली. जागा पाहायला यायची तारीख मात्र आम्ही नाचणा कापून झाल्यानंतरची मागितली आहे. आत्ता गवत कमरेएवढं आहे, दगडी बांध त्यात दिसायचे नाहीत.