ताणकाटा

टांगलेल्या वस्तूमुळे स्प्रिंग किती लांबते, यावरून त्या वस्तूचे वजन दाखविणारे साधन. पुण्यातील शाळांच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर न्यूटनची, म्हणजे बलाच्या एककाची, पट्टी असते, तर घरोघर फिरणाऱ्या रद्दीवाल्याच्या काट्यावर किलोची. रचना एकच, पण या दोन पट्ट्या दोन वेगळ्या राशी सांगतात.

ताणकाटा चालतो तो स्थितिस्थापकतेवर, म्हणजे ताण काढून घेताच मूळ आकारात परतण्याच्या पदार्थाच्या गुणधर्मावर. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी यासंबंधीचा आपला नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट केलेल्या कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली : जशी वाढ, तसे बल. स्प्रिंग लांबते तेव्हा तिची तार मुख्यत्वे ताणली जात नाही, तर पिळली जाते, ही गोष्ट शालेय पुस्तकांत सहसा येत नाही.

प्रयोगात स्टँडला स्प्रिंग अडकवून शेजारी फूटपट्टी उभी धरतात आणि आकड्यावर ५०-५० ग्रॅमची वजने चढवत जातात. दर वजनामागे दर्शक २ सेंमी. खाली सरकत असेल, तर स्प्रिंगचा बलांक, म्हणजे दर एकक लांबीवाढीला लागणारे बल, मीटरला सुमारे २४.५ न्यूटन येतो. वजन लावल्यावर स्प्रिंग काही वेळ वरखाली डोलत राहते आणि घाईने घेतलेले वाचन तिथेच चुकते. वजने उतरवतानाही वाचने घ्यावीत, कारण स्प्रिंग मर्यादेबाहेर ताणली गेली असेल तर दर्शक शून्यावर परत येत नाही. अशी ‘सैल पडलेली’ स्प्रिंग पुढच्या प्रत्येक मापात तीच चूक ओढून आणते. रबराच्या पट्टीचा आलेख सरळ रेषेत येत नाही, शिवाय चढताना एक आणि उतरताना दुसरी वाट धरतो.

ताणकाटा मोजतो ते बल, म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण (मोकळेपणी पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो दर). पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असून तेथे हे त्वरण सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ध्रुवांवर ते ९.८३ आहे. ५ किलो कांद्यांचे वजन पुण्यात सुमारे ४९ न्यूटन भरते, मात्र मंडईत न्यूटनमध्ये कांदे कोणी मागत नाही. व्यवहारात ‘वजन’ हा शब्द वस्तुमानासाठीच चालतो आणि विद्यार्थ्यांचा घोटाळा तिथूनच सुरू होतो. किलोची पट्टी आखताना ठरावीक गुरुत्वत्वरण धरलेले असते. त्यामुळे पुण्यात बरोबर १ किलो दाखविणारा काटा ध्रुवावर त्याच वस्तूचे सुमारे ५ ग्रॅम जास्त दाखवील. शहरातून सिंहगडावर नेल्यास मात्र किलोमागे पाव ग्रॅमचाही फरक पडत नाही, आणि तो साध्या ताणकाट्यावर दिसणारही नाही.

दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण नाही, कारण गुरुत्व बदलले तरी ते माल आणि माप या दोहोंवर सारखेच बदलते. चंद्रावर तराजू किलोला किलोच म्हणेल, ताणकाटा जेमतेम सहावा हिस्सा दाखवील. दुकानांतला इलेक्ट्रॉनिक काटा दिसायला वेगळा असला, तरी त्याच्या आत भाराने किंचित वाकणारा धातूचा तुकडा असतो, म्हणून तोही ताणकाट्याच्याच जातीचा. अचूक काम करणारा असा काटा दुसऱ्या गावी नेला, तर प्रमाणित वजन ठेवून तो तिथे पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.