दात पांढरे करणारी टूथपेस्ट आणि लग्नाची तारीख

आमच्या यवतमाळच्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

तुळशीचं लग्न आटोपलं की दवाखान्यात एक ठरलेली गर्दी सुरू होते. "रविवारी हळद आहे, दात पांढरे करून द्या ना जी." खुर्चीत बसवून दातावर नुसती हवा मारली तरी माणूस दचकून उठतो. मग चौकशीत निघतं, की लग्न ठरल्यापासून व्हाइटनिंगची पेस्ट चालू आहे. दिवसातून तीनदा, कडक ब्रशनं, जोर लावून. अशा दातांवर आम्ही ब्लीचिंग (जेल लावून दातांचा रंग उतरवणं) करत नाही. पेशंट नाराज, घरचे नाराज, आणि समजावण्यात जो अर्धा तास जातो तो बाहेर दाढ धरून बसलेल्या माणसाचा असतो. म्हणून एकदाचं लिहूनच काढलं.

आधी उत्तर. खोक्यावर घटक छापलेली, नेहमीच्या दुकानातली व्हाइटनिंग पेस्ट मऊ ब्रशनं सकाळ-रात्र वापरली, तर निरोगी दातांना आणि हिरड्यांना तिच्यानं सहसा काही होत नाही. "इनॅमल खाऊन टाकते" ही व्हॉट्सअ‍ॅपवरची भीती जास्तीची आहे. दात आतून पांढरे करते, ही जाहिरातही तितकीच जास्तीची.

पेस्ट नेमकं काय करते

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल. ते थोडं पारदर्शक असतं, आणि त्याच्या खालचं डेंटिन मुळातच पिवळसर. वय वाढतं तसं इनॅमल झिजतं, डेंटिन गडद होत जातं, त्यामुळे चाळिशीनंतर दात पिवळट दिसले तर तो काही आजार नव्हे. पेस्टचा हात पोचतो तो फक्त वर चढलेल्या थरापर्यंत: चहा, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण), पान, आणि क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश महिनोन्‌महिने वापरणाऱ्यांचे तपकिरी डाग. (ते माउथवॉश आम्हीच लिहून देतो, पण दोन आठवड्यांसाठी. बाटली संपली की दुसरी आणू नका.)

हे डाग काढायला पेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असते, बहुधा हायड्रेटेड सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. काही पेस्टमध्ये फॉस्फेटचे क्षार असतात, ते नवं किटण लवकर धरू देत नाहीत. काहींत ब्लू कोव्हरिन नावाचा निळा रंग असतो. तो दातावर पातळसा बसतो आणि पिवळेपणा नजरेला कमी वाटतो. चूळ भरताच दात उजळ दिसले तर ते त्याचं काम. नुकसान काही नाही, पण संध्याकाळपर्यंत टिकेल ही अपेक्षा नको.

पूड किती खरखरीत, हे मोजायला आरडीए नावाचा आकडा आहे. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची कमाल मर्यादा २५० आहे. त्या आतली पेस्ट नीट पद्धतीनं आयुष्यभर वापरली तरी डेंटिनची झीज थोडी आणि इनॅमलची जवळजवळ नाहीच, असं अमेरिकन डेंटल असोसिएशन सांगते. आपल्याकडच्या खोक्यांवर हा आकडा सहसा छापलेला नसतो. पण आमच्या मते तो आकडा दुय्यम आहे. गोची "नीट पद्धतीनं" या शब्दांत आहे.

जास्त घासलं की जास्त पांढरं?

उलट होतं. इनॅमल हिरडीजवळ सगळ्यात पातळ असतं. तिथं जोरात आडवा ब्रश चालला की हिरडी वर सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतंच, त्यामुळे खरखरीत पेस्ट तिथं भराभर खाचा पाडते. उघडं पडलेलं मूळ पिवळं दिसतं. पेशंटला वाटतं डाग राहिलाय, म्हणून तो आणखी जोर लावतो. पांढरे करायला निघालेले दात हळूहळू आधीपेक्षा पिवळे वाटू लागतात आणि माठाचं पाणीसुद्धा लागतं, ते असं.

घरीच पाहा. आरशासमोर उभं राहून वरच्या सुळ्याच्या आणि त्यामागच्या दाढेच्या बाहेरच्या अंगानं, हिरडीपाशी, नख अलगद वरून खाली फिरवा. नख कुठं अडकलं तर खाच पडलीय. उजव्या हातानं घासणाऱ्यांत ती बऱ्याचदा डाव्या बाजूला जास्त सापडते, कारण हाताचा पहिला जोर तिथं पडतो. नंतर ब्रशकडे बघा. महिन्याभरात त्याचे केस बाहेर वळून पसरले असतील तर दोष ब्रशच्या कंपनीचा नाही. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा बोटांत धरला तरी जोर आपोआप कमी होतो.

इथं आणखी एक गंमत पाहायला मिळते: सकाळी व्हाइटनिंग, रात्री सेन्सिटिव्हिटीची पेस्ट. एकानं उकरायचं आणि दुसऱ्यानं बुजवायचं! सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटवाल्या पेस्टचा गुण यायला रोज वापरून दोन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस व्हाइटनिंगची पेस्ट कपाटात ठेवा.

कोळशाच्या काळ्या पेस्टबद्दल रोज कुणीतरी विचारतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ साली या उत्पादनांचा आढावा छापून आला होता. ती सुरक्षित आणि परिणामकारक आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आमचा अनुभव एवढाच, की तिचे काळे कण हिरडीच्या कडेला आणि जुन्या सिमेंटच्या फटीत बसतात आणि ते काढायला पेशंट परत आमच्याकडेच येतो. लिंबू-सोडा मात्र सरळ बंद करा. पितळेचा गडू लिंबानं लख्ख होतो म्हणून दात होत नाही. लिंबाच्या आंबटपणानं इनॅमल आधी मऊ पडतं आणि ब्रश ते घेऊन जातो. लिंबू सरबत प्यायल्यावरही अर्धा-पाऊण तास ब्रश नको.

बाहेरगावच्या मुलांनी ऑनलाइन मागवून दिलेल्या पट्ट्या आणि जेल हा वेगळा प्रकार आहे. त्यात पेरॉक्साइड असतं आणि ते खरोखर रंग उतरवतं. म्हणूनच युरोपीय संघात दुकानातून थेट विकायच्या वस्तूंत हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१ टक्क्यापर्यंतच चालतं. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचं दंतवैद्याच्या देखरेखीखाली, आणि १८ वर्षांखालच्यांना नाहीच. हिरडीला लागलं तर ती पांढरी पडून चुरचुरते. ते बहुधा दोन-चार दिवसांत भरून येतं, पण आत कीड असलेल्या दातात उतरलं तर रात्र जागून काढावी लागते.

आपल्या जिल्ह्यातले डाग

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅम ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५. त्याहून जास्तीचं पाणी लहानपणी प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टे येतात. दात जबड्यात तयार होत असतानाच ते आत बसलेले असतात. बाजारातली कुठलीही पेस्ट त्यांना हलवू शकत नाही, पैसे घालवू नका. त्यावर उपाय आहेत. कधी वरचा अगदी पातळ थर घासून, कधी ब्लीचिंग करून, कधी वर दाताच्या रंगाचा लेप देऊन काम होतं, आणि पट्टा किती खोल आहे ते पाहूनच काय ते सांगता येतं.

यावर ठरलेला प्रश्न: "फ्लोराइडनंच दात खराब झाले, मग फ्लोराइडची पेस्ट कशाला?" मोठ्या माणसाचे दात बनून झालेले असतात. त्याला थुंकून टाकलेल्या पेस्टनं पट्टे येत नाहीत, उलट कीड थांबते. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला १००० पीपीएमची (दहा लाख भागांत हजार भाग) मर्यादा आहे आणि प्रमाण खोक्यावर लिहावं लागतं. लहान मुलांना मात्र वाटाण्याएवढीच पेस्ट, समोर उभं राहून थुंकायला लावायचं. आणि व्हाइटनिंगची तर त्यांना मुळीच देऊ नका.

खर्रा खाणाऱ्यांसाठी थोडं स्पष्ट. पेस्ट झोंबते, तिखट लागतं, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत कधी कधी पेस्टचा काही दोष नसतो. तुमची तीन बोटं उभी तोंडात जातात का पाहा. जात नसतील किंवा गालाला आतून पांढरट ताठरपणा आला असेल, तर दात पांढरे करायचं नंतर बघू, आधी तपासायला या. गुडाखू (दातांना लावायची तंबाखूची पेस्ट) वापरणाऱ्यांनाही तेच. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, डबीवर काहीही लिहिलेलं असो.

आम्ही आधी क्लिनिंगच का सांगतो

"पैसे काढायला" असं बोललं जातं, आमच्या कानावर येतं. किटण एकदा दगडासारखं घट्ट झालं की ते पेस्टनं निघत नाही, आणि ते असताना ब्लीचिंगचं जेल दातापर्यंत पोचत नाही. क्लिनिंगनंतर दातांत फटी दिसतात, कारण तिथं बसलेलं किटण गेलेलं असतं, दात हललेले नसतात. क्लिनिंग-पॉलिश झाल्यावर आम्ही रंगाची पट्टी खिडकीच्या उजेडात दाताशेजारी धरून दाखवतो. पुष्कळदा पेशंट स्वतःच म्हणतो, एवढं बस झालं. मग ब्लीचिंगचा आग्रह आम्ही करत नाही.

ब्लीचिंग करायचंच असेल तर मुहूर्ताच्या किमान महिनाभर आधी या. येण्याच्या १५ दिवस आधी व्हाइटनिंगची पेस्ट पूर्ण थांबवा, साधी फ्लोराइडची वापरा. चांगल्या दातांनाही ब्लीचिंगनंतर काही दिवस थंड लागतं. खरवडलेल्या दातांवर ते केलं तर हळदीला फोटो छान येतील, पण पंगतीत मठ्ठा पिता येणार नाही. समोरच्या दाताला कॅप किंवा सिमेंट असेल तर आधी सांगा, कारण त्यांचा रंग पेस्टनं बदलत नाही आणि ब्लीचिंगनंही नाही. नवी कॅप बसवायची असेल तर आधी दात उजळून घ्यावे, दोनेक आठवडे जाऊ द्यावे आणि मग कॅपचा रंग जुळवावा. उलट क्रमानं केलेल्या कॅप बदलून द्यायला आम्हाला परवडत नाही.

येताना पेस्टचा खोका आणि वापरातला ब्रश घेऊन या. "ती काळी", "ती टीव्हीवरची" यावरून आम्हाला काही कळत नाही. दोन्ही पाहून कोणती चालू ठेवायची ते सांगतो, त्याचे पैसे नाहीत. मऊ ब्रश काउंटरवर ठेवलेले असतात. खोका फेकला असेल तर ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो दवाखान्याच्या नंबरवर पाठवला तरी चालेल. दातांचा फोटो पाठवून "किती पांढरे होतील" विचारू नका, मोबाइलमध्ये रंग खरा येत नाही.