बर्फातली विजेची गाडी आणि तिच्यामागची सव्वाशे वर्षं

डिसेंबर-जानेवारीत निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या तापमानाच्या बातम्या येऊ लागल्या की नाशिकमधल्या विजेच्या गाडीवाल्यांत दरवर्षी तीच चर्चा सुरू होते. सकाळी रेंज कमी दाखवतेय, चार्जिंग रेंगाळतंय, ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. निफाडला पारा काही वेळा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला आहे, त्यामुळे तक्रार खोटी नाही. त्यावर कुणीतरी हमखास विचारतं, की मग नॉर्वेत कसं भागतं?

नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख. आपल्या नाशिक जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतच ६१ लाख होती. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून कमी माणसांचा हा देश. तिथे हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ असतो आणि उत्तरेकडे पारा उणे तीसच्याही खाली जातो. याच देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी ८९ पूर्णपणे विजेवरच्या होत्या. हे चांगल्या बॅटरीमुळे झालं असं आपण धरून चालतो. माझ्या मते बॅटरीचा वाटा त्यात निम्मासुद्धा नाही. उरलेलं श्रेय टोल, कर आणि पार्किंगमधल्या सॉकेटचं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१९०० च्या सुमारास अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या मोटारींपैकी जवळपास एक तृतीयांश विजेवर चालत होत्या. थंडी हा तेव्हा त्यांचा गुण मानला जाई. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे. गारठ्यात तेल घट्ट झालेलं असे, हँडल उलटं फिरून मनगट मोडण्याची भीती असे आणि रेडिएटरमधलं पाणी रात्रीत गोठे. विजेची गाडी मात्र बसलं की निघे. शहरातल्या शहरात फिरणारे डॉक्टर आणि स्त्रिया तिच्या मोठ्या ग्राहक होत्या. पेट्रोलच्या गाड्या घरोघरी पोचवणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा फोर्ड स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ चालवत असे, आणि डेट्रॉइट हे काही उबदार शहर नव्हे.

१९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगने तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला आणि चित्र पालटलं. आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो तो हाच. हँडल गेलं, मनगटाची भीती गेली आणि पेट्रोल स्वस्त होतच होतं. विजेच्या गाडीची बॅटरी मात्र जागच्या जागी राहिली. शिशाची बॅटरी कडाक्याच्या थंडीत निम्मी ताकद गमावते. एडिसनने मोठ्या मेहनतीने उभी केलेली निकेल-लोखंडाची बॅटरी टिकाऊ होती, पण थंडीत ती शिशापेक्षाही लवकर हात टेके. विजेच्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ नाहीशा झाल्या.

पुढच्या काळात थंड प्रदेशांनी पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांसाठी एक सोय उभी केली, आणि या साऱ्या इतिहासात मला तीच सर्वात मोलाची वाटते. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या अँड्र्यू फ्रीमनने १९४० च्या दशकात इंजिनाला रात्रभर ऊब देणारा विजेचा हीटर तयार केला. असे हीटर कॅनडाच्या मैदानी प्रांतांत आणि फिनलंडमध्ये सर्रास वापरले जाऊ लागले. ते लावायचे म्हणजे गाडी जिथे उभी राहते तिथे वीज हवी. म्हणून घरांच्या अंगणात, ऑफिसांच्या आवारात, इमारतींच्या पार्किंगमध्ये खांबांवर सॉकेट आले. ‘रात्री गाडीची वायर लावायची’ ही सवय तिथल्या लोकांना विजेची गाडी येण्याच्या कित्येक दशकं आधीपासून होती.

थंडी फक्त विजेच्या गाडीलाच जाचते असं मानणाऱ्यांनी देवळालीच्या तोफखान्यातून लडाखला जाऊन आलेल्या एखाद्या जवानाशी बोलावं. गारठ्यात डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर तुंबतो आणि ट्रक उभा राहतो. सातपूरच्या मायको कारखान्यात डिझेल इंजिनाच्या नोझलवर हयात घालवलेल्या कामगारांना हे वेगळं सांगायला नको. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने बाजारात आणलं ते २०१९ च्या नोव्हेंबरात.

आता नॉर्वेकडे. १९८९ मध्ये ‘आ-हा’ या तिथल्या गाजलेल्या बँडमधले कलाकार आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाऊगे यांनी स्वित्झर्लंडहून एक फियाट पांडा आणली. ती विजेवर चालेल अशी बदलून घेतलेली होती. ही गाडी घेऊन ते टोलनाक्यांवरून पैसे न भरता जात. धूर न सोडणाऱ्या गाडीला टोल कशाला, हा त्यांचा सवाल होता. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलावात निघाली आणि यांनीच ती पुन्हा विकत घेतली. वर्तमानपत्रांनी हा प्रकार उचलून धरला. १९९० मध्ये विजेच्या गाड्यांवरचा आयातकर तात्पुरता माफ झाला, पुढे ती माफी कायम झाली. १९९७ मध्ये टोल गेला, २००१ मध्ये व्हॅट गेला आणि त्यानंतर बसच्या लेनमधून जाण्याची मुभा मिळाली. या सवलती जाहीर झाल्या तेव्हा घेण्यासारख्या गाड्या बाजारात जवळपास नव्हत्याच. सरकारने धोरण आधी केलं, ते वीस वर्षं टिकवलं, आणि चांगल्या गाड्या त्यानंतर आल्या. आपल्या राज्याच्या २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि इगतपुरी-सिन्नरवरून जाणारा समृद्धी महामार्ग इथे विजेच्या गाड्यांना टोलमाफी ठरली. तिची मुळं शोधत गेलं तर त्या फियाट पांडापर्यंत पोचता येतं, असं मला वाटतं.

नॉर्वेने स्वतःची गाडी करूनही पाहिली. तिचे सुरुवातीचे नमुने १९९४ च्या लिलेहामर हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिरले. पुढे ‘थिंक’ नावाने ती विकली गेली, काही वर्षं फोर्डकडे होती आणि २०११ मध्ये कंपनी बुडाली. धंदा फसला तरी तिने थंडीवर शोधलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. आधी तिच्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. ती गारठ्यात बरी चालते, पण कॅडमियम विषारी. नंतरच्या गाडीत ‘झेब्रा’ नावाची सोडियमची बॅटरी मिळू लागली. तिच्या आतला मालमसाला अडीचशे अंशांहून जास्त तापमानाला वितळलेल्या अवस्थेत असतो. बाहेर उणे वीस असो की अधिक चाळीस, तिला काहीच फरक पडत नाही. मात्र गाडी उभी असताना ती तापती ठेवायला वायर लावून ठेवावी लागे.

त्याच रस्त्यांवर एक भारतीय गाडीही होती. बंगळूरची ‘रेवा’ २००१ मध्ये आली आणि पुढे नॉर्वेतही विकली गेली. २०१० मध्ये महिंद्राने ती कंपनी घेतली. नाशिकच्या कारखान्यातून ज्या व्हेरिटो सेडान बाहेर पडत, तिच्यावरूनच २०१६ मध्ये ‘ई-व्हेरिटो’ झाली आणि पुढे सरकारी कार्यालयांच्या ताफ्यात दिसू लागली. खाजगी ग्राहकाने तिला फारसं जवळ केलं नाही, तरी या शहराचा या गोष्टीशी संबंध नुसता गाड्या विकत घेण्यापुरता नाही, हे नोंदवून ठेवायला हवं.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि खेळ नव्याने सुरू झाला. थंडीत तिच्या आतलं द्रव दाटतं आणि लिथियमचे आयन सावकाश सरकतात. काढून घेण्याजोगी वीज कमी होते, पण हे तात्पुरतं असतं. खरी अडचण भरताना येते. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून गाडीचा संगणकच विजेचा ओघ आवळतो. आपल्याकडे नेक्सॉनसारख्या गाड्यांत असलेली लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी उन्हाला चिवट आणि वर्षानुवर्षं टिकणारी, पण गारठ्यात जरा जास्तच मंद. निफाडच्या पहाटे रेंगाळणारं चार्जिंग आणि ढिला पडलेला रिजनरेटिव्ह ब्रेक (गाडी मंदावताना मोटरच वीज बॅटरीत परत घालते तो), दोन्हींचं कारण हेच. ब्रेकमधून परत येणारी वीज म्हणजेसुद्धा चार्जिंगच.

पण रेंजचा मोठा लचका तोडतो तो हीटर. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली दोन तृतीयांशाहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तीच ब्लोअरने आत घेतली की गाडी उबदार होते. विजेच्या मोटरमध्ये वायाच फारसं जात नाही, त्यामुळे ऊब मुद्दाम तयार करावी लागते. चार किलोवॉटचा हीटर तासभर चालला तर चार युनिट गेले, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरची धाव. गाडी वाहतुकीत अडकून असली तरी हे युनिट जातातच. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये काही गाड्या उणे ७ अंशांच्या आसपास तपासल्या. हीटर बंद असताना रेंज सरासरी १२ टक्क्यांनी घटली आणि चालू केल्यावर ४१ टक्क्यांनी. तीनशे किलोमीटरची गाडी पावणेदोनशेवर आली. गारठा स्वतः थोडंच खातो, बरंचसं आपली ऊब खाते, हे या दोन आकड्यांत स्पष्ट दिसतं.

यावरचे उपाय थंड देशांच्या मागणीतून घडले. निसान लीफ २०१० मध्ये आली आणि थोड्याच काळात तिच्या २०१३ च्या मॉडेलमध्ये हीट पंप आला. हा म्हणजे उलटा चालवलेला एसी. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो, त्यामुळे एका युनिटमध्ये दोन-तीन युनिटांची ऊब मिळते. कडाक्याच्या थंडीत त्याचाही जोर ओसरतो. टेस्लाने २०२० मध्ये मॉडेल वायमध्ये हीट पंप घातला आणि मोटर, बॅटरी व केबिन या तिघांची उष्णता एकमेकांकडे वळवण्याची सोय केली. सीट आणि स्टिअरिंग तापवण्याची सोयही याच हिशेबातली, कारण सगळी हवा तापवण्यापेक्षा माणूस तापवणं स्वस्त पडतं. सर्वात साधा उपाय म्हणजे निघण्याआधी गाडी वायरला असतानाच केबिन आणि बॅटरी गरम करून घेणं. पहाटे दव गोठायच्या बेतात असताना आपला द्राक्ष बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतो, तशीच ही आगाऊ ऊब.

हा उपाय न करणाऱ्यांचं काय होतं ते जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत दिसलं. कडाक्याच्या लाटेत चार्जरवर तासन् तास रांगा लागल्या. थंडगार बॅटरी घेऊन आलेल्या गाड्या चार्जरवर अडून बसल्या आणि मागच्यांची बॅटरी थांबल्या थांबल्या उतरली. बोचऱ्या थंडीच्या नॉर्वेत एरवी असं होत नाही, कारण तिथले बहुतेक लोक रात्री घरी चार्ज करतात. नॉर्वेच्या मोटार महासंघाने २०२० पासून हिवाळी रेंजच्या चाचण्या चालवल्या आहेत. कंपन्यांनी छापलेला आकडा आणि बर्फातला आकडा शेजारी शेजारी मांडलेले असल्यामुळे ग्राहक डोळे उघडे ठेवून गाडी घेतो. अशी चाचणी कुणीतरी आपल्या मे महिन्यात घ्यावी, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

कारण नाशिककराला जास्त भीती उन्हाची असायला हवी. थंडीत गेलेली रेंज ऊन वर आलं की परत येते, उष्णतेने झिजलेली बॅटरी परत येत नाही. २०१२ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये लीफच्या मालकांच्या लक्षात आलं, की त्यांच्या बॅटऱ्यांची क्षमता वेळेआधीच घटतेय. त्या बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती. आजच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती द्रव फिरवणारी यंत्रणा असते. ओस्लोत ती बॅटरी उबदार ठेवते, आपल्याकडे चाळिशी ओलांडलेल्या दुपारी ती थंड ठेवते. गाडी घेताना रेंजच्या आधी या यंत्रणेची चौकशी करावी.

आपल्या देशातल्या बर्फाचा अनुभव तसा ताजा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांगला जाणाऱ्या वाहनांवर बंधनं घातल्यावर हिमाचलच्या परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये मनाली-रोहतांग मार्गावर विजेच्या बस सुरू केल्या. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यातही लाहौलपर्यंत गाडी नेणं शक्य झालं. नाशिकहून स्वतःची विजेची गाडी घेऊन तिकडे जाण्याचा बेत असेल तर रेंजइतकीच काळजी टायरची घ्या. आपले टायर गारठ्यात कडक होतात आणि बर्फावर पकड सोडतात. वजनदार गाडी, ॲक्सिलरेटर दाबताच मिळणारा मोटरचा झटका आणि जोरात लागणारा रिजनरेटिव्ह ब्रेक, तिन्ही बर्फावर घसरायला कारण ठरतात. ब्रेकची पातळी कमी ठेवावी, ॲक्सिलरेटर हळुवार दाबावा आणि टायरवर चढवायची चेन सोबत असावी. नॉर्वेत हिवाळी टायरचा वेगळा संच ठेवणं हे गाडी बाळगण्यातच धरलेलं असतं.

राहता राहिला सॉकेट. नॉर्वेत २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने फ्लॅटमालकाला आपल्या पार्किंगच्या जागी चार्जर बसवण्याचा हक्क दिला, आणि इमारतीच्या मंडळाला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावरच्या सोसायट्यांत हीच गोष्ट अजून सेक्रेटरीच्या मर्जीवर, मीटर कुणाच्या नावावर यावर आणि वायर कुणाच्या जागेवरून जाणार यावर अडते. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली असून घरच्या चालू वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला त्यांत मुभा आहे. पुढच्या वार्षिक सभेच्या आधी त्यांची प्रत छापून घ्या, पार्किंगचा आराखडा सोबत जोडा आणि ठराव लेखी मागा.