अंडरव्होल्ट करायचंय की अंडरक्लॉक?

ग्राफिक्स कार्ड तापतंय, पंखे शेजारच्या खोलीत ऐकू येतात, अशी तक्रार केली की एक जण सांगतो ‘अंडरव्होल्ट कर’, दुसरा सांगतो ‘क्लॉक कमी कर’. ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं. मग तो आफ्टरबर्नर, म्हणजे कार्डाच्या सेटिंग्ज बदलण्याचं सॉफ्टवेअर, उघडून कोअर क्लॉकची, म्हणजे चिपच्या वेगाची, पट्टी उणे २०० वर नेतो. फ्रेम्स घटतात आणि कार्ड मात्र जवळपास तितकंच तापत राहतं.

असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे. कार्डात व्होल्टेज आणि वेग यांची एक वक्ररेषा असते: अमुक व्होल्टेजला अमुक मेगाहर्ट्झ. पट्टी डावीकडे ओढली की ही अख्खी रेषा खाली सरकते. म्हणजे व्होल्टेज तेवढंच, फक्त त्यावर मिळणारा वेग कमी. शिवाय कार्ड आधीच वीजमर्यादेला, म्हणजे त्याला घेता येणाऱ्या कमाल वॅटला, टेकलेलं असेल, तर वेग घटल्याने वाचलेली वीज ते आणखी वरच्या व्होल्टेजवर जाण्यात घालवतं. उष्णता कमी होणार कशी?

खरं अंडरक्लॉकिंग म्हणजे रेषा आहे तशीच ठेवायची आणि कार्डाला तिच्यावर ठरावीक वेगाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने कमाल वेग बांधून देता येतो. वेग कमी झाला की रेषेवरचं व्होल्टेजही आपोआप उतरतं. रेषा कंपनीनेच तपासून दिलेली असल्यामुळे कार्ड अडखळण्याचं कारण उरत नाही. किंमत मोजावी लागते ती वेगात.

अंडरव्होल्टिंगमध्ये आपण रेषाच बदलतो: तोच वेग, पण कमी व्होल्टेजवर. चिपमध्ये खर्च होणारी बरीचशी वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज तेच ठेवून वेग १० टक्के कमी केला, तर हा खर्च १० टक्केच घटतो. वेग तोच ठेवून १००० मिलिव्होल्टवरून ८७५ वर आलात, तर तो सुमारे २३ टक्क्यांनी घटतो. मेमरी आणि पंख्यांची वीज वेगळी, म्हणून पूर्ण कार्डाची बचत याहून कमी दिसेल.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० हे कार्ड याचं उत्तम उदाहरण. कंपनीने सांगितलेला बूस्ट वेग १७१० मेगाहर्ट्झ, वीजमर्यादा ३२० वॅट, आणि जड गेममध्ये कार्ड या मर्यादेला सहज टेकतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून वक्ररेषा उघडा. ८७५ मिलिव्होल्टचा बिंदू १८०० मेगाहर्ट्झवर आणा, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीला सपाट करा आणि अप्लाय करा. गंमत बघा, अंडरव्होल्ट करताना तो बिंदू *वर* न्यावा लागतो. मर्यादेला अडकलेलं कार्ड यानंतर वेग अधिक स्थिर धरतं, कधी कधी फ्रेम्स वाढतातही.

एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेत कमाल फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेजच्या पट्ट्या वेगळ्याच दिसतात, तिथे हा घोळ फारसा होत नाही.

कमी व्होल्टेजने कार्ड जळत नाही. जास्तीत जास्त गेम बंद पडेल, पडद्यावर ठिपके येतील किंवा ड्रायव्हर रीसेट होईल. फसवी खूण वेगळीच आहे: सगळं सुरळीत दिसतं, पण फ्रेम्स कमी. तेव्हा एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा वेग, पाहा. तो दाखवलेल्या वेगापेक्षा बराच खाली असेल, तर व्होल्टेज अपुरं पडतंय. एका बेंचमार्कवर विसंबू नका, रे ट्रेसिंगवाला (प्रकाशाचं जड गणित करणारा) गेम तासभर चालवा, कच्ची सेटिंग तिथे उघडी पडते. अडखळलं तर २५ मिलिव्होल्ट वाढवा. विंडोज सुरू होताना सेटिंग आपोआप लागू करण्याचा पर्याय हे सगळं झाल्यावरच चालू करा.

मे महिन्यात विदर्भातल्या बिनएसीच्या खोलीत गेम खेळणाऱ्याला मी आधी अंडरव्होल्टच सांगेन. रात्रभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडर लावून झोपणाऱ्याने मात्र कंपनीची रेषा न हलवता वेग किंवा वीजमर्यादा कमी करावी, कारण पहाटे क्रॅश झालेलं काम पुन्हा लावायला तिथे कोणी जागं नसतं.