औषध गिळतो आपण, उघडतात जिवाणू

"उभा जन्म हळदीच्या धुरळ्यात गेला माझा. नाकातोंडातनं जेवढी हळद पोटात गेली असंल तेवढी कुणी खाल्ली नसंल. आणि डॉक्टर म्हणतोय, आतड्याला आतनं जखमा झाल्यात!" सांगलीच्या मार्केट यार्डात आडत असलेल्या आमच्या ओळखीच्या काकांची ही तक्रार. तिला उत्तर द्यायचं तर जरा लांबून यावं लागतं.

काकांची दोन वर्षं मूळव्याधीच्या औषधांत गेली होती. आपल्याकडे शौचातून रक्त पडलं की मूळव्याध, हे ठरलेलंच. दिवसातून आठ-दहा वेळा पळावं लागायला लागलं, वजन उतरलं, तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली आणि नाव कळलं: अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याचं अस्तर गुदाशयापासून वरच्या दिशेने सुजत जातं. याचं भावंड म्हणजे क्रोन्स हा आजार. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये त्याचं वर्णन केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोलवर उतरतो. आपल्या देशात तो आतड्याच्या टीबीसारखाच दिसतो, त्यामुळे दोन्हींत गल्लत होते. कोलायटिस आणि क्रोन्स, दोन्ही दबतात आणि पुन्हा उसळतात.

आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. एरवी शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांना घरचे समजून सोडून देते. या आजारात हा समजूतदारपणा बिघडतो. फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी नावाचा एक जिवाणू आपण न पचवलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतो, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. क्रोन्सच्या रुग्णांत हा जिवाणू कमी असतो, असं फ्रेंच संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. आता तो कमी झाला म्हणून आजार झाला, की आजारामुळे तो कमी झाला? हा वाद अजून मिटलेला नाही, आणि 'पोटातले जिवाणू सुधारा' म्हणत पुड्या विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

मला यातली सगळ्यात मजेशीर वाटते ती एका जुन्या गोळीची गोष्ट. स्वीडनच्या डॉक्टर नॅना स्वार्ट्झ यांना 1930च्या दशकाच्या शेवटी संधिवातासाठी औषध हवं होतं. त्यांनी एक सल्फा औषध, म्हणजे जंतू मारणारं, आणि ॲस्पिरिनच्या कुळातलं एक रसायन एकमेकांना जोडून घेतलं. तेच सल्फासलाझिन. पुढे ते कोलायटिसवरही लागू पडलं. पण त्यातला कोणता अर्धा भाग काम करतो? 1972 मध्ये जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना ते दिलं, तर ते जसंच्या तसं बाहेर पडलं. त्याची जोडगाठ सोडवतात आतड्यातले जिवाणू! मग 1977 मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी दोन्ही भाग वेगवेगळे करून रुग्णांना एनिमातून दिले. गुण आला तो ॲस्पिरिनच्या चुलतभावाने. आज काका घेतात ती मेसालामिन हीच.

म्हणजे जिवाणू मदतीचे? थांबा. मेसालामिन अनेकांना पुरेशी लागू पडत नाही. त्याचं एक कारण 2023 मध्ये सापडलं. आतड्यातले काही जिवाणू या औषधाच्या रेणूला एक रासायनिक शेपूट जोडतात आणि ते निकामी करतात. हे काम करणारी जिवाणूंची 12 विकरं, म्हणजे एन्झाइम, संशोधकांना सापडली. त्यांतली चार ज्यांच्या पोटात होती त्यांच्यात औषध फसण्याचं प्रमाण जास्त दिसलं. उद्या गोळी लिहून देण्याआधी शौचाचा नमुना तपासून 'या रुग्णाच्या पोटात ही गोळी टिकणार का' हे बघता येईल, असा त्याचा रोख आहे. आज ती सोय दवाखान्यात नाही.

आता हळद. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षं टिकत आलेली, 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली हळद. तिच्यातल्या कर्क्युमिनवर कोलायटिससाठी खरोखर चाचण्या झाल्यात. 2006 मध्ये जपानमध्ये आजार शांत असलेल्या 89 रुग्णांवर एक चाचणी झाली. नेहमीच्या औषधाबरोबर रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण जेमतेम 5 टक्के होतं, नुसतं नेहमीचं औषध घेणाऱ्यांत 20 टक्के. उलट दिल्लीच्या एम्समध्ये रोज 450 मिलिग्रॅम देऊन पाहिलं, तर काही फरक पडला नाही. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 2 ते 5 टक्के. 2 ग्रॅमसाठी रोज 40 ते 100 ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीतल्या चिमटीने ते साधत नाही, आणि धुरळ्याने तर नाहीच. शिवाय कर्क्युमिनही जिवाणूंच्या तावडीतून सुटत नाही: त्याचं रूप पालटणारं विकर 2011 मध्ये माणसाच्याच आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूत सापडलं. म्हणून कॅप्सूल आणायला निघालेल्या काकांना मी अडवलं. मिरीतलं पायपरीन घातलेल्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

"मग जिवाणूच बदलून टाकायचे," काका म्हणाले. चेष्टेत म्हणाले, पण संशोधन तिकडेच चाललंय. निरोगी माणसाची विष्ठा गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडायची. ऐकून नाक मुरडू नका. एम्सने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम कोलायटिसच्या 66 रुग्णांपैकी 35 जणांना सात आठवडे दर आठवड्याला असं प्रत्यारोपण केलं, वर दाह कमी करणारा आहार दिला. विष्ठा घेतली होती खेड्यातल्या दात्यांची. आठव्या आठवड्याला त्यांच्यातल्या 60 टक्के लोकांचा आजार शांत झाला, नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांत 32 टक्के. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत होतं, तेव्हा मनाचाही वाटा त्यात असणार. आहाराने किती आणि विष्ठेने किती, हेही या चाचणीतून सुटं करता येत नाही. त्या आहारात गहू, दूध आणि साखर टाळायची होती. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखर टाळणं अवघड, पण शाळूची भाकरी मात्र आपल्याला परकी नाही. अर्थात आजार उसळलेला असताना चोथ्याचं काय करायचं, हे डॉक्टरांना विचारूनच.

आणि हे घरी करून बघण्यासारखं मुळीच नाही. औषधांना न जुमानणारे जिवाणू दात्याकडून आल्यामुळे अमेरिकेत एक रुग्ण दगावला, तेव्हा 2019 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने इशारा काढला. तिथे विष्ठेपासून बनवलेल्या दोन औषधांना मंजुरी मिळाली आहे ती क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिल या वेगळ्या संसर्गासाठी, कोलायटिससाठी नाही.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माझ्या पोटातले माझी गोळी खातायत का, हे कळायला किती वर्षं लागतील?" मला सांगता आलं नाही. गोळी मात्र बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करायची नाही, एवढं कबूल करून घेतलं. सौद्याची वेळ झाली होती, काका उठले.