सहाशे भागिले मिनिटं: लग्नाची कॅसेट एका डीव्हीडीत

मावशीचं लग्न १९९१ सालचं, नारायण पेठेतल्या एका कार्यालयातलं. त्याची व्हीएचएस कॅसेट ई-१८०, म्हणजे तीन तासांची, आणि शूटिंगवाल्याने ती शेवटच्या मिनिटापर्यंत भरलेली. इतकी वर्षं ती लोखंडी कपाटात पैठणीच्या घडीखाली होती. मावशीला ती डीव्हीडीवर करून हवी होती. पेनड्राइव्ह नको, मोबाइल नको. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर आणि त्याचा रिमोट तिच्या हाताला सवयीचा आहे, आणि लग्न बघायचं तर त्यावरच.

मी कॅसेट संगणकावर उतरवून घेतली, सॉफ्टवेअरला ‘एका डिस्कमध्ये बसव’ असं सांगितलं आणि डिस्क बर्न करून तिला नेऊन दिली. सीमांतपूजन छान दिसलं. मंगलाष्टकं सुरू झाली, ‘सावधान’ म्हणताच अक्षता उडाल्या, आणि अख्ख्या चित्राचे चौकोन चौकोन झाले. पुढच्या कडव्याला पुन्हा तेच. मावशी म्हणाली, “अक्षता पडताना कुणाचं तोंडच दिसत नाही गं.”

तिचं ते वाक्य मला लागलं. मग असं का झालं, ते मी मुळापासून समजून घेतलं. पुण्यात घरोघरी अशा कॅसेट पडून आहेत, म्हणून ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी डिस्ककडे बघू. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, आणि संगणक मात्र ४.३८ दाखवतो. यात दुकानदाराने फसवलेलं नाही. डिस्क बनवणारा एक जीबी म्हणजे सरळ एक अब्ज बाइट धरतो, तर संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, त्यामुळे त्याचा जीबी थोडा मोठा पडतो. बाइट तेवढेच. एका बाइटमध्ये आठ बिट, तेव्हा ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट, आणि हा शिधा ठरलेला आहे. तो वाढत नाही. तीन तासांच्या लग्नाला पुरवायचा असो की वीस मिनिटांच्या बारशाला, पोतं तेच.

आता हा शिधा किती तुटपुंजा आहे ते बघा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. रंगाचे तपशील डोळ्याला उजेड-सावलीपेक्षा कमी कळतात, म्हणून रंगाची माहिती चौथाईवर आणली जाते. एवढं करूनही एका सेकंदाला सुमारे १२४ मेगाबिट, म्हणजे १२४ दशलक्ष बिट लागतात. त्या दराने पूर्ण डिस्क पाच मिनिटांत संपते. अंतरपाट धरायच्या आतच.

तीन तास बसतात ते एमपेग-२ या आकुंचनाच्या पद्धतीमुळे. तिचे दोन भाग आहेत. पहिला एकाच चित्राच्या आत काम करतो. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन हा संथ आणि दाट लाटांची बेरीज आहे असं मानून त्या लाटांची मापं काढायची. भिंत, आकाश, गाल अशा जागी संथ लाटाच महत्त्वाच्या असतात. दाट लाटांची मापं इतकी लहान निघतात की ती शून्य धरली तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. या गणिताचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. ते सुचलं बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना, १९७२ मध्ये. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबरचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइलमधल्या जेपीईजी फोटोपासून डीव्हीडीपर्यंत हेच गणित आहे, आणि ती तिन्ही नावं आपल्याकडची आहेत याचा मला फार आनंद होतो.

बिट कमी पडले की एन्कोडर, म्हणजे हे आकुंचन करणारा सॉफ्टवेअरचा भाग, ही मापं जास्त जास्त ढोबळ करत जातो. तेरा रुपये चाळीस पैशांचे तेरा करणं एक, आणि दहा करणं दुसरं. दहावर आला की शेजारच्या दोन चौकोनांचे आकडे एकमेकांशी जुळेनासे होतात आणि मधली रेघ उघडी पडते. मावशीला दिसले ते हे चौकोन.

दुसरा भाग काळाशी खेळतो. लागोपाठच्या दोन चित्रांत फारसा फरक नसतो, म्हणून दर १२ किंवा १५ चित्रांमागे एकच चित्र पूर्ण साठवतात. बाकीच्यांसाठी फक्त ‘हा तुकडा इकडून तिकडे सरकला, आणि एवढा फरक पडला’ अशी नोंद ठेवतात. कॅमेरा हळूहळू पंगतीवरून फिरत असेल तर ही नोंद चिमूटभर होते. पण अक्षता! शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि आधीच्या चित्रात त्यातला एकही त्या जागी नाही. अंदाज बांधायला काही आधारच उरत नाही. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला की एका क्षणापुरतं अख्खं चित्र पांढरं पडतं आणि सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतात. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर उधळलेला गुलाल, धो धो पाऊस, वाऱ्यावर हलणारा पिंपळ, हे सगळे याच जातीचे. माणसाला ज्या क्षणी गहिवरून येतं, नेमका तोच क्षण एन्कोडरला सर्वांत जड जातो.

म्हणजे अक्षतांसाठी बिट हवेत. शिधा वाढणार नाही. मग ते आणायचे कुठून?

इथे मी वही काढून बसले. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि अगदी बाहेरच्या कडेला चुका जास्त होतात. तिथेच आपली बोटंही लागतात. म्हणून कड थोडी रिकामी ठेवायची आणि ४.५ अब्ज बाइटच वापरायचे. त्याचे बिट झाले ३६ अब्ज, म्हणजे ३६,००० मेगाबिट. मिनिटाचे सेकंद ६०, म्हणून भागिले ६०, म्हणजे ६००. आता एक सोपं सूत्र हाताशी आलं: ६०० भागिले मिनिटं, की सेकंदाला किती मेगाबिट मिळतात ते कळतं. दोन तासांना ५, दीड तासाला ६.७, तीन तासांना ३.३. तासाभराच्या कार्यक्रमाला १० येतात खरे, पण डीव्हीडीच्या नियमात चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, आणि घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर इतक्या दराला अडखळतात. ८ च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे.

माझ्या तीन तासांना ३.३ मिळत होते. त्यातले पहिले वाया गेलेले बिट सापडले आवाजात. सॉफ्टवेअरने आवाज न आकुंचता ठेवला होता, सेकंदाला १.५ मेगाबिट. निम्म्याच्या आसपास शिधा तिथेच संपला आणि चित्राला उरले जेमतेम १.८! कॅसेटवरचा आवाज तरी कसला? सनई, खुर्च्यांची खरखर आणि मधेच ‘नवऱ्याकडच्यांनी पुढे यावं’. तो डॉल्बी डिजिटल या आवाज आकुंचण्याच्या पद्धतीत ०.१९ मेगाबिटवर ठेवला तरी कानाला फरक कळला नाही. चित्राचे बिट १.८ वरून ३.१ वर गेले. एका खुणेचा बदल होता तो.

दुसरी नासाडी ठिपक्यांची. व्हीएचएसवर आडव्या दिशेने सुमारे २४० रेघांचाच तपशील मावतो. तो ७२० ठिपक्यांत पसरवून काही नवं दिसत नाही, फक्त रिकामे ठिपके भरायला बिट लागतात. डीव्हीडीच्या नियमात ३५२ बाय ५७६ हा आकारही बसतो. रुंदी निम्मी, उंची पूर्ण, आणि प्लेअर तो टीव्हीवर आपोआप पूर्ण रुंदीचा करून दाखवतो. व्हीएचएससाठी हा आकार मला फार आवडतो. हिशेब करून बघितला: पहिल्या डिस्कवर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला ०.१७ बिट येत होता, आता ०.६१ आला. साडेतीनपट, आणि कॅसेटमधलं एक सेकंदही न कापता. मात्र ३५२ बाय २८८ च्या वाटेला जाऊ नका. कॅसेटवरचं प्रत्येक चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन भागांत, सेकंदाला ५० वेळा नोंदलेलं असतं. उंची निम्मी केली की त्यातला एक भाग जातो आणि चालणारी माणसं धक्के खात चालल्यासारखी दिसतात.

तिसरी जागा सर्वांत फसवी आहे. जुन्या कॅसेटच्या चित्रावर बारीक मुंग्या धावत असतात. आपण त्याकडे दुर्लक्ष करतो, एन्कोडर करत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक मुंगी म्हणजे जपून ठेवावा असा तपशील. ती दर चित्राला जागा बदलते, म्हणजे अख्ख्या लग्नभर सूक्ष्म अक्षताच पडत असतात म्हणा ना. एन्कोड करण्याआधी या मुंग्या पुसणारा डीनॉइज फिल्टर हलक्या हाताने लावला की बरेच बिट सुटतात. हलक्याच हाताने, कारण जोर झाला की चेहरे मेणाचे होतात आणि शालूचा जर पुसला जातो. मी दोन मिनिटांचा तुकडा पाच वेळा करून बघितला, तेव्हा मनासारखा जमला. चित्राच्या तळाशी कॅसेटची जी फरफटलेली पट्टी असते, ती बऱ्याच टीव्हींवर चौकटीबाहेर जाते. तिच्यावर १६ ओळींची काळी पट्टी टाकायची. १६ च का, तर एमपेग-२ हालचालीचा हिशेब १६ बाय १६ च्या ठोकळ्यांत करतं. मग काळ्या ठोकळ्यांना जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

उरलं वाटप. सरसकट सारखा दर ठेवणं म्हणजे पंगतीत सगळ्यांना मोजून दोन जिलब्या. लहान मुलाच्या पानात एक उरते आणि पैज लावून बसलेला उपाशी राहतो. ‘टू-पास’ पद्धतीत एन्कोडर आधी पूर्ण व्हिडिओ एकदा बघून जातो, कुठे किती भूक आहे ते टिपतो, आणि दुसऱ्या फेरीत वाढतो. एकूण जिलब्या तेवढ्याच. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. रात्री लावून झोपावं. तीन तासांच्या लग्नात आहेर देण्याघेण्याचा संथ भाग एवढा असतो, की तिथले वाचलेले बिट मंगलाष्टकांना सहज पुरतात.

मूळ फाइलविषयी थोडं सांगायला हवं, कारण त्यात बरेच जण फसतात. स्टुडिओतून कॅसेट उतरवून घेतली आणि ७०० एमबीची एमपी-४ हातात आली, तर डीव्हीडी करताना ती चार जीबी होते आणि चित्र तसूभरही सुधारत नाही. एमपी-४ मध्ये बहुधा एच.२६४ नावाचं आकुंचन असतं, २००३ मधलं, एमपेग-२ पेक्षा बरंच काटकसरी. जुन्या पद्धतीला तेच चित्र ठेवायला जास्त जागा लागते, आणि एकदा टाकून दिलेला तपशील परत येत नाही. म्हणून कॅसेट उतरवतानाच डीव्ही या खूप कमी आकुंचलेल्या स्वरूपात घ्यावी. तासाला साधारण १३ जीबी लागतात, माझे तीन तास ३९ जीबीत बसले. ती फाइल हार्ड डिस्कवर जपून ठेवली आहे. आणि एमपी-४ नुसती डिस्कवर कॉपी करून चालत नाही. जुना प्लेअर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर शोधतो, त्यामुळे ऑथरिंग, म्हणजे व्हिडिओची त्या फोल्डरात डीव्हीडीच्या नियमाने मांडणी, करावंच लागतं.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क हाही एक मार्ग आहे. मी तो घेतला नाही, कारण मावशीचा प्लेअर जुना आहे आणि असे प्लेअर थर बदलताना कधी कधी अडकतात.

तपकीर गल्लीतून कोऱ्या डिस्क आणताना थोडे पैसे जास्त गेले तरी चांगल्या आणाव्यात. घरी बर्न होणाऱ्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझर तो जागोजागी भाजून खुणा करतो. शेजारच्या दोन मार्गांमधलं अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत कितीतरी मार्ग मावतील. रंगाला ऊन सोसत नाही, तेव्हा खिडकीत ठेवू नका. बर्न करताना १६ एक्सऐवजी ८ एक्स वेग निवडला. वर कागदी लेबल चिकटवू नका, तबकडीचा तोल जातो. मार्करने नाव लिहिलं की पुरे.

आणि एक काळजीचं. पुण्याच्या पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून आत टेपच्या कडेला पांढुरकं दिसलं तर ती व्हीसीआरमध्ये घालूच नका, टेप तुटते आणि हेडही खराब होतं. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून चित्रपट जपतं आहे, आणि त्यासाठी तिथे तापमान राखलेली दालनं आहेत. आपल्याकडे कपाट आहे. मग निदान ते भिंतीपासून थोडं सरकवून ठेवावं.

दुसरी डिस्क करण्याआधी मी मावशीला विचारलं होतं, की पंगतीचा भाग कापू का, वीस-पंचवीस मिनिटं सुटतील. तिने साफ नाही सांगितलं. का, ते डिस्क लावल्यावर कळलं. तिसऱ्या पंगतीत आजी मठ्ठ्याचं भांडं घेऊन येते. पदर खोचलेला, कुणाला तरी आग्रह करते, कॅमेऱ्याकडे बघतही नाही. चाळीस सेकंद असतील. चालती-बोलती आजी आमच्याकडे तेवढीच आहे. मावशीने रिमोट दाबून चित्र थांबवलं, टीव्हीच्या जवळ गेली आणि म्हणाली, “इरकल आहे, बघ. काठ दिसतोय.”