सहा गठ्ठे पद्धत

महाराष्ट्रातील शासकीय व निमशासकीय कार्यालयांत कारकुनाच्या टेबलावरील सर्व कागदपत्रे सहा ठरावीक गठ्ठ्यांत विभागून ठेवण्याची पद्धत. महसूल खात्यात ती विशेष रूढ असून जिल्हाधिकारी, प्रांत व तहसील कार्यालयांबरोबरच जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांतही ती आढळते. प्रशिक्षणवर्गांत ती दप्तर नीटनेटके ठेवण्याची रीत म्हणून शिकवली जाते. मात्र माणसे बदलत राहणाऱ्या कार्यालयात कामाची माहिती व जाण टिकवून धरणारी व्यवस्था म्हणून तिचा विचार करणे अधिक योग्य ठरते.

रचना : पहिल्या गठ्ठ्यात चालू प्रकरणे असतात, म्हणजे ज्यांवर खुद्द त्या कारकुनाने काही करायचे बाकी आहे ती. दुसरा गठ्ठा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा; यांत अन्य कार्यालयाकडून अहवाल, अभिप्राय किंवा खुलासा यायचा असतो. तिसऱ्यात मासिक, त्रैमासिक, वार्षिक विवरणपत्रे म्हणजे नियतकालिके. चौथा गठ्ठा स्थायी आदेश संचिकेचा असून त्यात शासन निर्णय, परिपत्रके व मार्गदर्शक आदेश विषयवार लावलेले असतात. पाचव्यात निकाली निघालेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि सहाव्यात मुदत संपल्यावर नष्ट करायचे कागद. गठ्ठ्यांची नावे व क्रम खात्यागणिक थोडे बदलतात. तत्त्व बदलत नाही.

हे तत्त्व नीट पाहण्यासारखे आहे. ग्रंथालयातील वर्गीकरण विषयावर उभे असते, तर येथे पहिले पाच-सहा खण कामाच्या अवस्थेवरून पडतात. कागद कशाविषयी आहे यापेक्षा त्याबाबत आता कोणी हालचाल करायची आहे, हा प्रश्न आधी विचारला जातो. विषयवार मांडणी फक्त चौथ्या गठ्ठ्यात येते, कारण तेथे काम नसते, नियम असतात.

उदाहरणार्थ, शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मिळावा असा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खालचा अर्ज तहसील कार्यालयात येतो. बारनिशीत (आवक-जावक शाखेत) त्यावर तारखेचा शिक्का व आवक क्रमांक पडतो आणि तो संबंधित संकलनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे, जातो. कारकून आपल्या कार्यविवरण नोंदवहीत त्याची नोंद घेतो. प्रकरण पहिल्या गठ्ठ्यात. स्थळपाहणीसाठी मंडळ अधिकाऱ्याला पत्र गेले की तेच प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यात सरकते आणि स्मरणपत्राची तारीख त्यावर लिहिली जाते. अहवाल आला की पुन्हा पहिल्यात. सुनावणी होऊन तहसीलदारांचा आदेश झाला की कागदांना पृष्ठ क्रमांक घालून, अनुक्रमणिका लावून, टिपणी व पत्रव्यवहार असे दोन भाग शिवून ते पाचव्या गठ्ठ्यात जाते. अपील झाले तर मूळ संचिका वरच्या कार्यालयातून मागवली जाते. त्या वेळी ती किती लवकर हाती लागते, यावर पाचव्या गठ्ठ्याची परीक्षा होते.

कार्यविवरण नोंदवहीचा आठवड्याचा गोषवारा या पद्धतीचा कणा आहे. मागील शिल्लक, नवीन आवक, निकाली व अखेर शिल्लक हे आकडे पहिल्या दोन गठ्ठ्यांतील कागदांशी जुळले पाहिजेत. न जुळल्यास एखादे प्रकरण कपाटामागे, दुसऱ्या टेबलावर किंवा कोणाच्या घरी आहे, असा तर्क करता येतो. गोषवाऱ्याविना केलेले सहा गठ्ठे म्हणजे केवळ आवराआवर होय.

अभिलेखांचे वर्गीकरण : पाचव्या व सहाव्या गठ्ठ्याचा संबंध अ, ब, क, ड या चौकटीशी येतो. सर्वसाधारणपणे ‘अ’ वर्गातील कागद कायमचे, ‘ब’ वर्गातील ३० वर्षे, ‘क-१’ वर्गातील १० वर्षे, ‘क’ वर्गातील ५ वर्षे आणि ‘ड’ वर्गातील १ वर्ष जतन करतात. कोणते प्रकरण कोणत्या वर्गात बसते, याच्या याद्या खातेनिहाय असतात. वर्ग ओळखता यावा म्हणून रुमालाच्या, म्हणजे दप्तर बांधण्याच्या फडक्याच्या, कापडाचे रंग ठरवलेले असतात. ‘अ’ वर्गाला बहुधा लाल. संचिकेतील किरकोळ कागद वगळून वर्ग ठरवण्याच्या कामाला निंदणीकरण म्हणतात. हे काम कनिष्ठातल्या कनिष्ठ माणसाकडे सोपवण्याची प्रथा घातक आहे. कोणता कागद पुढे लागेल हे जाणणारा अनुभवी अव्वल कारकूनच ते नीट करू शकतो.

‘अ’ वर्गाचे मोल अलीकडे २०२३ मध्ये ठळकपणे दिसले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४ (कोतवाल बुक), खासरा पत्रके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे असे जुने दप्तर उघडावे लागले. त्यातील बराचसा भाग मोडी लिपीत असल्याने मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद राहिले होते, पण ते वाचण्याची विद्या कार्यालयांतून जवळजवळ निघून गेली होती.

उगम : पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. महसुली शिस्तीचा विषय निघाला की मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी एफ. जी. एच. अँडरसन यांचे नाव पुढे येते. गाव, तालुका व जिल्हा पातळीवरील महसुली हिशेबांची त्यांची नियमपुस्तिका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मार्गदर्शक मानली जाते आणि तलाठी दप्तरातील गाव नमुने १ ते २१ यांची आजची घडण बव्हंशी तिच्याशी निगडित आहे. त्यामुळे सहा गठ्ठ्यांचे श्रेयही त्यांनाच देण्याकडे कल दिसतो. मात्र नियमपुस्तिकेचा मुख्य विषय हिशेब व नमुने हा आहे. कारकुनाच्या टेबलावरील पत्रव्यवहाराची विभागणी हा वेगळा प्रश्न होय.

दुसरे मत पद्धतीचे मूळ मराठेशाहीच्या दप्तरव्यवस्थेत शोधते. पुण्यातील हुजूर दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या मध्यवर्ती कचेरीत, भरभराटीच्या काळी दोनशेहून अधिक कारकून होते, असे सांगितले जाते. त्याचे दोन प्रमुख विभाग होते. चालते दप्तर फडणिसाच्या देखरेखीखाली असून त्यात फड, बेहेडा व सरंजाम अशा शाखा येत. एकबेरीज दप्तरात सर्व खात्यांचे हिशेब एकत्र लावून खतावण्या व तर्जुमे (हिशेबांचे गोषवारे) तयार होत. चालू काम आणि संकलित नोंद यांची ही फारकत पहिल्या व चौथ्या-पाचव्या गठ्ठ्यांतील फरकाची आठवण करून देते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही घडी विस्कटली, असे इतिहासकार मानतात. १८१८ नंतर कंपनी सरकारने हे कागद ताब्यात घेतले आणि इनामांच्या चौकशीसाठी त्यांचा सतत उपयोग झाला. पुण्याच्या पुरालेखागारात आज जपलेले सुमारे ३५ हजार रुमाल हा त्या परंपरेचा अवशेष आहे.

तरीही साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. हुजूर दप्तरातील विभागणी खात्यांची होती, तर सहा गठ्ठे एकाच माणसाच्या टेबलावरचे असतात. प्रतीक्षाधीन प्रकरणे व नियतकालिके हे दोन गठ्ठे तर टपाल, तार आणि वरिष्ठांना ठरल्या तारखेला विवरणपत्रे पाठवण्याची सक्ती यांखेरीज संभवत नाहीत. म्हणून ही पद्धत ब्रिटिश काळातील जिल्हा कार्यालयांत, एका माणसाच्या कल्पनेतून नव्हे तर सरावातून, हळूहळू ठरत गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. रुमाल, दप्तर, बारनिशी हे शब्द मात्र जुन्या कारभारातून अखंड चालत आले.

ज्ञान व्यवस्थापनाच्या दृष्टीने : ज्ञान व्यवस्थापन ही स्वतंत्र विद्याशाखा १९९० च्या दशकात आकाराला आली. मायकेल पोलान्यी यांनी मांडलेली अव्यक्त ज्ञानाची कल्पना इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी उद्योगसंस्थांना लावली आणि अंगी मुरलेले ज्ञान शब्दांत आणून इतरांपर्यंत पोचवण्याची प्रक्रिया १९९५ मध्ये सविस्तर मांडली. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अभिलेख व्यवस्थापनासाठी २००१ मध्ये आयएसओ १५४८९ आणि ज्ञान व्यवस्थापनासाठी २०१८ मध्ये आयएसओ ३०४०१ ही मानके प्रसिद्ध केली.

या चौकटीतून पाहता सहा गठ्ठ्यांतील सर्वांत मोलाचा गठ्ठा चौथा ठरतो. महाराष्ट्रात २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाने एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला. नवीन माणूस चार्ज घेतो तेव्हा त्याला याद्या मिळतात, पण एखाद्या विषयावर कोणता शासन निर्णय लागू आहे व कोणता अधिक्रमित झाला (नव्या आदेशाने मागे पडला), हे पूर्वीच्या माणसाच्या डोक्यात असते. चांगल्या स्थायी आदेश संचिकेत अधिक्रमित आदेशावर तसा शेरा असतो, नव्याचा क्रमांक व तारीख असते, प्रारंभी अनुक्रमणिका असते. अशी संचिका असल्यास नवखा कारकून काही दिवसांत टिपणी मांडू लागतो. प्रत्यक्षात तपासणीच्या वेळी भर पहिल्या दोन गठ्ठ्यांवर असतो, कारण प्रलंबित प्रकरणे मोजता येतात. चौथा मोजता येत नाही म्हणून उपेक्षित राहतो आणि त्याची झळ बदलीनंतर खेटे घालणाऱ्या अर्जदाराला बसते.

पुनरुज्जीवन : स्वातंत्र्योत्तर काळात पद्धत कागदोपत्री टिकली, व्यवहारात सैलावली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची बैठकव्यवस्था, आदेशांची विषयवार मांडणी व अभिलेख कक्ष यांची फेररचना केली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती देशभर चर्चिली गेली. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ हा उपक्रम राबवला. त्यात अभिलेखांचे निंदणीकरण व सहा गठ्ठे यांना मध्यवर्ती स्थान होते आणि तो नंतर इतरत्रही अनुसरला गेला.

कायद्यांनीही या शिस्तीला आधार दिला. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने अभिलेख सूचिबद्ध करून ठेवणे बंधनकारक आहे. वर उल्लेखिलेल्या बदल्यांच्या अधिनियमातच विलंबास प्रतिबंध करणाऱ्या तरतुदी असून नेहमीची नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये, असे त्यात म्हटले आहे.

संगणकीकरण : २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्त्या जळाल्या. त्यानंतर ई-ऑफिस प्रणालीचा आग्रह वाढला. महसुली अभिलेखांत ई-फेरफार व १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, तसेच जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग झाले. ई-ऑफिसमध्ये नस्ती कोणाकडे व किती दिवस आहे हे आपोआप दिसते. त्यामुळे पहिल्या दोन गठ्ठ्यांचे काम प्रणाली करते. स्थायी आदेश विषयवार लावणे व अधिक्रमित आदेशावर शेरा मारणे हे मात्र अजून माणसालाच करावे लागते. शासन निर्णय संकेतस्थळावर शोधता येत असले, तरी अमुक प्रकरणात त्यांपैकी कोणता लावायचा हे शोधयंत्र सांगत नाही.

जिल्हा परिषदांच्या शाळा, ग्रामपंचायती व सहकारी संस्था यांत हीच पद्धत सोप्या रूपात वापरली जाते. तेथे बहुधा एकच लिपिक किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) सर्व टेबले सांभाळत असल्याने पहिला व दुसरा गठ्ठा एकत्रच ठेवतात.